‘ॲडव्हान्स्ड’ पानावरचे जुने आकडे

वाय-फाय ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंगमधल्या ‘ॲडव्हान्स्ड वायरलेस’ पानावर आरटीएस थ्रेशोल्डपुढे बहुधा २३४७ असतं. डेटाचा गठ्ठा, म्हणजे फ्रेम, या मर्यादेहून लांब असेल तर पाठवण्याआधी परवानगी मागायची. १९९७ च्या मूळ ८०२.११ या वाय-फायच्या मानकात फ्रेमची कमाल लांबी २३४६ बाइट: हेडर ३०, मजकूर २३१२, तपासणीचे ४. मर्यादा एकाने जास्त, म्हणजे ती ओलांडलीच जात नाही. थोडक्यात, सुविधा बंद.

तिचं मूळ हॅम रेडिओत आहे. भिंतीच्या दोन बाजूंच्या उपकरणांना ॲक्सेस पॉइंट ऐकू येतो, पण ती एकमेकांना ऐकू येत नाहीत. दोन्ही एकदम बोलली की दोन्ही फ्रेम वाया. हौशी पॅकेट रेडिओसाठी फिल कार्न यांनी १९९० मध्ये तोडगा सुचवला: आधी ‘पाठवू का?’ विचारायचं, होकार आला की पाठवायचं. इथेच अनेकांची फसगत होते. ॲक्सेस पॉइंटवर आकडा ५०० केला, तरी तो लागू होतो फक्त त्याने स्वतः पाठवलेल्या फ्रेमना. लॅपटॉपच्या फ्रेम आदळत असतील तर बदल लॅपटॉपच्या ड्रायव्हरमध्ये हवा.

शेजारचा फ्रॅगमेंटेशन थ्रेशोल्ड (याहून लांब फ्रेमचे तुकडे होतात) २३४६ वरून हलवू नका. २००९ च्या ८०२.११एन या आवृत्तीपासून अनेक फ्रेमची मोळी बांधून पाठवतात. तुकडे केलेल्या फ्रेम त्या मोळीत बसत नाहीत, आणि वेग घसरतो.

बीकन म्हणजे ॲक्सेस पॉइंट आपलं नाव कळवायला ठरावीक अंतराने (इंटरव्हल) देत राहतो तो हाकारा. त्या इंटरव्हलचा १०० हा आकडाही त्याच जुन्या काळचा. एकक १०२४ मायक्रोसेकंदांचं, म्हणून दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक बीकन. तो जातो सर्वांत कमी बेसिक दराने (सर्व उपकरणांना जमायलाच हवा असा वेग), आणि २.४ गिगाहर्ट्झवर तो दर अजूनही बऱ्याच ठिकाणी १९९७ चा १ एमबीपीएस असतो. २५० बाइटच्या बीकनला लांब प्रीॲम्बल (फ्रेमआधीचा जुळवणीचा सिग्नल) धरून सुमारे २.२ मिलिसेकंद लागतात. ‘ऑफिस’, ‘गेस्ट’, ‘कॅमेरा’, ‘प्रिंटर’ अशी नेटवर्कची चार नावं चालू ठेवली की प्रत्येकाचा बीकन वेगळा, आणि जवळपास ९ टक्के वेळ नुसत्या हाकाऱ्यात जातो. यावर इंटरव्हल वाढवणं हा उपाय नव्हे. त्याने फोनला नवा ॲक्सेस पॉइंट उशिरा सापडतो. नावं कमी करा आणि किमान बेसिक दर ६ एमबीपीएसवर न्या. फक्त ८०२.११बी ही आवृत्ती जाणणारे जुने बारकोड स्कॅनर मात्र तुटतील, ते आधी मोजून घ्या.

एन्क्रिप्शनचा टीकेआयपी हा प्रकार तर मुळातच तात्पुरतं ठिगळ. २००१ मध्ये वेप या वाय-फायच्या पहिल्या एन्क्रिप्शनचं कुलूप तुटलं, तेव्हा त्याच जुन्या हार्डवेअरवर चालेल अशी सोय म्हणून तो २००३ च्या डब्ल्यूपीए या सुरक्षा-पद्धतीसोबत आला. ८०२.११एन चे वेग त्याच्यासोबत वापरायला मानकातच मनाई आहे. नवा ॲक्सेस पॉइंट ५४ एमबीपीएसवर अडकला असेल तर केबल तपासण्याआधी एन्क्रिप्शनच्या खान्यात टीकेआयपीऐवजी एईएस हा नवा प्रकार आहे का ते बघा.