सेन नदीवरचा शातो गायार: भक्कम किल्ला कुठे फुटला?

उत्तर फ्रान्समध्ये लेझ आंदली गावापाशी सेन नदी मोठं वळण घेते. तिथे पात्रापासून सुमारे ९० मीटर उंच, खडूच्या कड्यावर शातो गायारचे अवशेष आहेत. इंग्लंडचा राजा आणि नॉर्मंडीचा ड्यूक पहिला रिचर्ड याने ११९६ ते ११९८ या काळात तो उभारला. सरहद्दीवरचा जिझोर किल्ला फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपने घेतल्यामुळे नॉर्मंडीची राजधानी रुआंची वाट उघडी पडली होती. किल्ल्याची जागा रुआंच्या आर्चबिशपची. त्याने नॉर्मंडीतले धर्मविधीच थांबवले, तेव्हा दिएप बंदर वगैरे मोबदला देऊन वाद मिटवावा लागला.

तीन बाजूंना उतार, आग्नेयेला मात्र डोंगराची सोंड पठाराला जोडलेली. म्हणून त्या तोंडावर खंदकाने तोडलेली त्रिकोणी माची, मागे मधला कोट आणि शेवटी बालेकिल्ला. बालेकिल्ल्याचा तट अर्धगोल फुगवट्यांचा: दगडाचा मारा तिरपा लागून घसरावा आणि पायथ्याशी शत्रूला आडोसा मिळू नये.

१२०३ मध्ये फिलिपने वेढा घातला. रिचर्ड वारलेला, गादीवर त्याचा भाऊ जॉन, किल्लेदार रॉजर द लेसी. जॉनची कुमक नदीतून आणि जमिनीवरून एकदम पोहोचायची होती. प्रवाहाविरुद्ध येणाऱ्या होड्यांना उशीर झाला आणि दोन्ही तुकड्या वेगवेगळ्या गाठून मोडल्या गेल्या. धान्य पुरावं म्हणून किल्लेदाराने आश्रयाला आलेले गावकरी बाहेर काढले. पहिल्यांना फ्रेंचांनी जाऊ दिलं, नंतरच्यांना अडवलं. ऐन हिवाळ्यात ते दोन्ही सैन्यांमध्ये उपाशी अडकले. या वेढ्यातलं सगळ्यांत क्रूर प्रकरण हेच.

माचीचा बुरूज खालून पोखरून पाडला. पाया खणायचा, वरचा भार लाकडी टेकूंवर घ्यायचा, मग टेकू जाळायचे. बंदुकीची दारू लागत नाही. मधल्या कोटात जॉनने नंतर बांधलेली इमारत होती. तिच्या खिडकीतून काही शिपाई आत शिरले आणि त्यांनी झुलता पूल खाली सोडला. (शौचकूपातून चढल्याची कथा जास्त ऐकू येते, फिलिपच्या गोटातला बखरकार गिल्योम ल ब्रेतों मात्र खिडकी सांगतो.) बालेकिल्ल्याच्या दाराशी खंदकावरचा पूल मूळ खडकाचाच ठेवलेला. त्याच्याच आडोशाने फ्रेंचांनी तट पोखरला. आतून शिबंदीनेही उलट भुयार खणल्याने तो आणखी पोकळ झाला आणि दगडफेक्या यंत्रांच्या माऱ्याने ढासळला. ६ मार्च १२०४ रोजी किल्ला पडला, २४ जूनला रुआं.

पुढे शतवार्षिक युद्धात तो इंग्रज आणि फ्रेंचांकडे आलटून पालटून गेला. १५९९ मध्ये फ्रान्सचा राजा चौथ्या हेन्रीने तो पाडायचा हुकूम दिला, आणि त्याचे दगड कापुचिन पंथाच्या ख्रिस्ती साधूंना मठाच्या दुरुस्तीसाठी नेऊ दिले.