प्लगइनमधली डीआय (डिपेन्डन्सी इंजेक्शन) एरर येते कुठून, जरा मागचं बघूया

एप्रिलमध्ये देवगडला काकांच्या हापूसच्या पेट्यांसाठी लेबल छापायचं एक छोटं प्लगइन लिहिलं, त्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बसणारं. माझ्या लॅपटॉपवर लोण्यासारखं चालत होतं, काकांच्या पीसीवर टाकलं आणि लॉगमध्ये "अनेबल टू रिझॉल्व्ह सर्व्हिस फॉर टाइप", म्हंजे ह्या टाइपची सर्व्हिस सापडत नाही, आणि पुढे प्रिंटरच्या इंटरफेसचं (सर्व्हिसने काय काय करायचं त्या कराराचं) नाव. बाहेर वाशीला जाणारा टेम्पो उभा, काका खळ्यातून ओरडतायत "लेबलां खंय हत रे?", आणि मी तीच एक ओळ परत परत वाचतोय. सर्व्हिस रजिस्टर आहे, डोळ्यांनी दिसतेय, तरी कंटेनर, म्हंजे सर्व्हिसची नोंद ठेवून मागेल त्याला देणारा भाग, म्हणतो मला माहीतच नाही.

ही एरर नीट कळायची तर दोन वेगळ्या गोष्टींचा इतिहास बघावा लागतो, कारण डिपेन्डन्सी इंजेक्शन आणि प्लगइन लोडिंग हे दोन वेगवेगळ्या घरात वाढलेत आणि भांडण होतं ते दोघं एका छपराखाली आले की.

पहिलं घर. पूर्वी जावात, म्हंजे जेटूईई ह्या सर्व्हरवरच्या जावाच्या काळात, क्लासला, म्हंजे कोडच्या एका तुकड्याला, काही हवं असलं की तो स्वतः जेएनडीआय नावाच्या यादीत जाऊन नावाने शोधायचा. मग विचार उलटा झाला, की क्लासने शोधायचंच नाही, बाहेरून कोणीतरी हातात द्यायचं. ट्रॉलर काय समुद्रात बर्फ बनवत बसत नाही, जेट्टीवर भरून घेतो, तसंच. ह्याला इन्व्हर्जन ऑफ कंट्रोल म्हणायचे, आणि तो शब्द जुना आहे, जॉन्सन आणि फूट ह्यांच्या १९८८ च्या फ्रेमवर्कवरच्या लेखात सापडतो. पण तो इतका मोघम की कशालाही लागू पडतो, आणि इंजेक्शनच्या पद्धतींना तर लोक चक्क टाइप १, टाइप २, टाइप ३ म्हणायचे, कुठला कोणता हे कोणाच्या लक्षात राहत असेल देव जाणे. शेवटी जानेवारी २००४ मध्ये मार्टिन फाउलरने लेख लिहून डिपेन्डन्सी इंजेक्शन हे नाव रुजवलं, पिकोकंटेनर आणि स्प्रिंग ह्या कंटेनरची उदाहरणं घेऊन. मार्चमध्ये स्प्रिंग १.० आलं, २००७ मध्ये गूगलचं ग्यूस आलं, जुळवाजुळव लिहायच्या एक्सएमएल फाइलींचा डोंगर कमी झाला. ह्या सगळ्यात एक गोष्ट गृहीत होती, की प्रोग्रॅम सुरू होताना सगळी जुळवाजुळव एकाच जागी एकदाच होणार आणि प्रत्येक टाइप एकच असणार.

दुसरं घर म्हंजे प्लगइन. इथे पाहुणा कधीही येणार आणि येताना स्वतःचं सामान घेऊन येणार. दोन प्लगइनना एकाच लायब्ररीच्या दोन व्हर्जन लागल्या तर मारामारी, म्हणून प्रत्येकाला वेगळी खोली. जावात त्याला क्लासलोडर. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ओएसजीआय ह्या जावाच्या स्टँडर्डने हीच मॉड्यूलची शिस्त लावली आणि जून २००४ मध्ये एक्लिप्स ३.० हे कोड लिहायचं सॉफ्टवेअर त्यावरच उभं राहिलं. म्हंजे बघा, एकाच सहा महिन्यांत एका बाजूला डीआयला नाव मिळालं, दुसऱ्या बाजूला एक्लिप्सची प्लगइन ओएसजीआयच्या खोल्यांत गेली.

आता गंमत इथे आहे, खोली वेगळी असली की टाइपची ओळख बदलते. आमच्या गावात दत्ताराम दोन, आडनावही तेच, एक वरच्या वाडीतला एक खालच्या वाडीतला, पोस्टमन वाडी विचारल्याशिवाय पत्र देत नाही. कोड चालवणारं व्हर्च्युअल मशीन त्या पोस्टमनसारखंच, नाव अधिक लोडर मिळून ओळख. एररमध्ये मात्र बऱ्याचदा फक्त नाव छापतात. म्हणून जावावाल्यांना "अमुक कॅननॉट बी कास्ट टू अमुक" असा वेड्यासारखा मेसेज दिसायचा, दोन्हीकडे नाव तेच.

माझं प्लगइन होतं त्या मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्येही तेच, फक्त उशिरा. जुन्या फ्रेमवर्कमध्ये अ‍ॅपडोमेन होतं, तीही वेगळी खोलीच, २०१६ च्या डॉटनेट कोअरमध्ये नवीन डोमेन बनवायची सोय काढली पण डीआय कंटेनर घरचाच मिळाला, आणि सप्टेंबर २०१९ च्या ३.० मध्ये असेंब्ली लोड कॉन्टेक्स्ट, म्हंजे डॉटनेटची नवी खोली, प्लगइनसाठी नीट वापरता येईल असा झाला, प्लगइनच्या फोल्डरमधूनच त्याच्या डीएलएल (असेंब्ली, म्हंजे तयार कोडच्या फाइली) शोधणाऱ्या रिझॉल्व्हरसकट. त्याच ३.० मध्ये कंटेनर बनतानाच सगळं तपासायची सोयही आली, पण होस्टचा, म्हंजे प्लगइन ज्यात बसतं त्या सॉफ्टवेअरचा, कंटेनर बनतो तेव्हा प्लगइनची एंट्रीच झालेली नसेल तर ती तपासणी काय कामाची. अँड्रॉइडवाल्यांचं डॅगर हे डीआयचं टूल तर कंपाइल करतानाच चूक पकडतं, पण उद्या येणारं प्लगइन आज कंपाइल करताना कुठून असणार.

तर माझं काय झालं होतं. होस्टने लोड केलेल्या सगळ्या असेंब्लींची यादी लोकेशनसकट लॉगला काढली, आणि कॉन्ट्रॅक्ट्सची डीएलएल, म्हंजे जिच्यात तो प्रिंटरचा इंटरफेस आहे ती, दोनदा, एक होस्टच्या फोल्डरमधली, एक माझ्या प्लगइनच्या. दोन दत्ताराम! होस्टने रजिस्टर केला वरच्या वाडीतला, माझा कन्स्ट्रक्टर (क्लास बनताना चालणारा कोड) मागत होता खालच्या वाडीतला. लॅपटॉपवर माझा टेस्ट होस्ट प्लगइनला थेट रेफरन्स करत होता म्हणून तिथे एकच प्रत, सगळं आलबेल. काकांच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅनिफेस्टमधल्या (प्लगइनच्या माहितीच्या फाइलीतल्या) नावाने क्लास शोधतात म्हणून निदान एरर तरी आली, इंटरफेस बघून शोधणारा होस्ट असता तर प्लगइन नुसतं गायब, लॉग कोरा, ते जास्त वाईट.

तेव्हा माझ्या फोल्डरमधली प्रत डिलीट केली, रिस्टार्ट केलं आणि लेबलं निघायला लागली. घरी येऊन प्रोजेक्ट फाइलमध्ये त्या रेफरन्सला प्रायव्हेट फॉल्स लावलं, म्हंजे पुढच्या बिल्डला ती डीएलएल परत माझ्या फोल्डरात कॉपी होणार नाही. टेम्पो मात्र लेबलं निघायच्या आधीच गेला होता, त्या दिवशीच्या पेट्यांवर काकूने स्केचपेनने नाव लिहिलं.