डार्टमथ आउटिंग क्लब

अमेरिकेच्या न्यू हँपशर राज्यातील हॅनोव्हर येथील डार्टमथ कॉलेजची विद्यार्थी-संघटना. गिरिभ्रमण, स्कीइंग व नौकानयन यांबरोबरच डोंगरवाटा व निवारे यांची देखभाल हे तिचे मुख्य कार्य. डार्टमथने (स्थापना १७६९) ‘कॉलेज’ हे जुने नाव टिकविले असले, तरी वैद्यक, अभियांत्रिकी व व्यवस्थापन या शाखांमुळे ते वस्तुतः विद्यापीठच आहे. हॅनोव्हर कनेक्टिकट नदीच्या पूर्व काठावर असून पलीकडच्या काठापासून व्हर्माँट राज्य सुरू होते. जॉर्जियापासून मेनपर्यंत गेलेली अपालॅचियन ट्रेल ही दीर्घ पायवाट नदीवरचा पूल ओलांडून थेट गावाच्या मुख्य रस्त्यावर येते. त्यामुळे रस्त्याकडेच्या खांबांवर दोन इंच रुंद व सहा इंच उंच अशा पांढऱ्या मार्गखुणा दिसतात आणि महिनोन्‌महिने चालत आलेले पदभ्रमणकर्ते वर्गाला निघालेल्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीने फुटपाथवरून जातात.

क्लबचा जन्म हिवाळ्याच्या अडचणीतून झाला. न्यू हँपशरमध्ये बर्फ मार्चअखेरपर्यंत, क्वचित त्यानंतरही टिकते. त्या काळात विद्यार्थी खोल्यांतच बसून राहत, असे तत्कालीन वर्णनांवरून दिसते. व्हर्माँटमधील ब्रॅटलबरोच्या फ्रेड हॅरिस या विद्यार्थ्याने (पदवी १९११) डिसेंबर १९०९ मध्ये विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राला पत्र लिहून स्की व स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून घालायचे जाळीदार जोडे) वापरणाऱ्यांची मंडळी स्थापण्याची सूचना केली. नियमित सहली काढाव्यात, उडीसाठी उतार बांधावा आणि फेब्रुवारीत स्पर्धा भरवाव्यात, अशी तिची रूपरेषा होती. त्याच महिन्यात पहिली सभा झाली व जानेवारी १९१० मध्ये क्लब रीतसर सुरू झाला. स्थापनावर्ष म्हणून १९०९ व १९१० असे दोन्ही उल्लेख आढळतात ते यामुळेच. पत्र हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरेल, कारण क्लबचा पुढचा सगळा कार्यक्रम त्यात बीजरूपाने आहे.

‘देशातील सर्वांत जुना महाविद्यालयीन आउटिंग क्लब’ ही क्लबची ख्याती मात्र जपून वापरावी लागते. मॅसॅचूसेट्समधील विल्यम्स कॉलेजचे प्राध्यापक ॲल्बर्ट हॉपकिन्स यांनी १८६३ मध्ये विल्यम्सटाउन येथे अल्पाइन क्लब काढला होता. अमेरिकेतील पहिली गिर्यारोहण-संस्था म्हणून अभ्यासक बहुधा त्याकडेच बोट दाखवितात. पण तो गावकऱ्यांचा क्लब होता, त्याच्या संस्थापक सभासदांत स्त्रियांचीच संख्या अधिक होती आणि काही वर्षांतच तो विराम पावला. बॉस्टनचा अपालॅचियन माउंटन क्लब (१८७६) प्राध्यापकांच्या पुढाकाराने निघाला, तरी तो कोणत्याही एका विद्यापीठाचा नाही. विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेला आणि आजवर अखंड चाललेला, एवढी मर्यादा घातली तर डार्टमथचा दावा मान्य होण्यासारखा आहे. क्लबच्या कार्निव्हल या हिवाळी उत्सवाविषयीही हेच म्हणता येईल. मॉन्ट्रिऑलमध्ये १८८३ पासून व सेंट पॉलमध्ये १८८६ पासून हिवाळी उत्सव भरत होते. डार्टमथचे वैशिष्ट्य हे की, तेथील उत्सव विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी रचला. फेब्रुवारी १९१० मधील क्रीडादिन हा त्याचा पूर्वावतार. विंटर कार्निव्हल या नावाने तो १९११ पासून भरू लागला. स्पर्धा, नृत्य आणि मध्यवर्ती हिरवळीवरील प्रचंड हिमशिल्प ही त्याची ठळक अंगे होत. हिमशिल्पाच्या आकाराला थंडी किती टिकते यावरच मर्यादा पडते. उबदार हिवाळ्यांत ते लहान करावे लागले आहे.

अमेरिकन स्कीइंगच्या इतिहासात क्लबचे स्थान याहून निर्विवाद आहे. मूझिलॉक (४,८०२ फूट, सु. १,४६४ मी.) या डोंगरावरच्या जुन्या गाडीरस्त्यावर १९२७ मध्ये उताराची शर्यत झाली, ती या प्रकारातील देशातील पहिली आधुनिक शर्यत समजली जाते. १९३३ मध्ये पहिली राष्ट्रीय डाउनहिल स्पर्धा तेथेच भरली. हॅनोव्हरजवळच्या ओक हिलवर १९३५-३६ च्या हंगामात उभारलेल्या यंत्राला कधीकधी ‘पहिली स्की लिफ्ट’ म्हणतात, ते ढोबळ आहे. व्हर्माँटमधील वुडस्टॉक येथे १९३४ मध्येच मोटारीच्या इंजिनावर फिरणारी दोरी बसविली होती. स्कीवाला ती हातांनी धरून वर ओढला जाई. ओक हिलचे वेगळेपण असे की, तेथे केबल डोक्यावरून जात होती व तिला टांगलेला आकड्यासारखा दांडा पाठीमागे टेकवून उभ्याउभ्याच चढता येत असे. ओली दोरी पकडून आखडलेल्या हातांना मिळालेली ती मोठीच सुटका होती. हॅरिस यांनी स्वतः ब्रॅटलबरो येथे १९२२ मध्ये स्की-उडीचा उतार बांधला. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

तथापि क्लबचा खरा कणा वाटा व केबिनी हाच आहे. जॉन ई. जॉन्सन या धर्मोपदेशक माजी विद्यार्थ्याने १९१३ च्या सुमारास व पुढे दिलेल्या देणग्यांतून हॅनोव्हर ते मूझिलॉक अशी निवाऱ्यांची साखळी तयार झाली. पुढे अपालॅचियन ट्रेलची कल्पना (१९२१) आकाराला आली, तेव्हा या भागातील वाट बव्हंशी तयारच होती. तिच्या पन्नासहून अधिक मैलांची निगा क्लब आजही राखतो. पडलेली झाडे करवतीने कापून बाजूला करणे, पावसाचे पाणी वाटेबाहेर काढणारे दगडी आडवे बांध घालणे, खुणा पुन्हा रंगविणे ही कामे विद्यार्थी करतात. पदक मिळत नाही असे हे काम शतकभर पिढ्यान्‌पिढ्या पुढे सोपविले गेले, यातच या क्लबचे मोठेपण आहे. याच वाटेने मूझिलॉकपर्यंत रात्रंदिवस चालत जाण्याची ‘द फिफ्टी’ ही प्रथा विद्यार्थ्यांत प्रतिष्ठेची मानली जाते.

डोंगराच्या पायथ्याचे रॅव्हिन लॉज १९३८ मध्ये स्प्रूसच्या जाड ओंडक्यांतून बांधले गेले. मूळ उद्देश स्कीवाल्यांच्या मुक्कामाचा होता, परंतु लिफ्टची सोय असलेली स्थळे वाढल्यावर हिवाळी वर्दळ ओसरली व ते मुख्यतः उन्हाळी वास्तू बनले. लाकूड कुजल्याने ते उतरवून २०१७ मध्ये नवे लॉज उभारण्यात आले. उत्तरेला सु. २७,००० एकरांचे सेकंड कॉलेज ग्रँट हे अरण्य (१८०७ ची राज्याची देणगी) आहे. तेथेही कॉलेजच्या केबिनी आहेत.

नवागतांच्या सहली १९३५ मध्ये सुरू झाल्या. पहिल्या सत्राच्या तोंडावर नवे विद्यार्थी लहान गटांनी डोंगरात किंवा नदीवर जातात. नेतृत्व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडे असते. रंगविलेले केस व विक्षिप्त पोशाख केलेले स्वयंसेवक त्यांना सामूहिक नृत्य शिकवितात आणि लॉजवर जेवण रांधून वाढतात. बहुसंख्य नवागत या सहलींना जातात. परगावच्या मुलाला पहिले स्नेही वर्गाआधी वाटेवर मिळतात, हा या सहलींचा सर्वांत टिकाऊ परिणाम म्हणता येईल.

१९७२ मध्ये सहशिक्षण सुरू होईपर्यंत स्त्रिया क्लबच्या जीवनात प्रामुख्याने कार्निव्हलच्या पाहुण्या होत्या. कार्निव्हलची राणी निवडण्याची प्रथा १९७३ च्या सुमारास बंद पडली. मूलनिवासींचा प्रश्न अधिक गंभीर आहे. कॉलेजच्या सनदेत त्यांच्या शिक्षणाचा हेतू नमूद होता आणि त्यासाठी सॅम्सन ऑकम या मोहिगन धर्मोपदेशकाने १७६६–६८ दरम्यान ब्रिटनमध्ये निधी जमविला; प्रत्यक्षात तो हेतू दोन शतके मागे पडला व १९७० नंतरच त्याकडे पुन्हा लक्ष दिले गेले. विद्यार्थी ज्यावर स्केटिंग करतात त्या तलावाला ऑकम यांचे नाव आहे. त्यांची कागदपत्रे कॉलेजने २०२२ मध्ये मोहिगन जमातीला परत केली.

क्लबच्या शाखांपैकी लेडयर्ड कनू क्लब (१९२०; कनू म्हणजे वल्ह्याची हलकी, निमुळती होडी) नदीवर चालतो. जॉन लेडयर्ड या विद्यार्थ्याने १७७३ मध्ये झाड कोरून होडी केली व कॉलेज सोडून तो नदीने हार्टफर्डला गेला. वाचनात गढल्यामुळे तो बेलोज फॉल्सच्या धबधब्यात ओढला जाता जाता वाचला, ही कथा चरित्रकारांची भर असण्याचा संभव आहे. गिर्यारोहण शाखा १९३६ मध्ये जॅक ड्युरन्स यांनी काढली. १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेतील बॅरी कॉर्बेट व जेक ब्रायटनबाख हे दोघेही डार्टमथमध्ये शिकलेले होते. ब्रायटनबाख खुंबू हिमप्रपातात बर्फाची भिंत कोसळून मृत्यू पावले. लाकूडतोड्यांच्या कौशल्यांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा १९४७ मध्ये डार्टमथ येथेच सुरू झाल्या. त्यांत दुहाती करवत व कुऱ्हाडफेक यांबरोबर एक साधी परीक्षा असते : ओंडका फोडून जाळ करायचा आणि डब्यातले साबणाचे पाणी उकळून उतू घालवायचे, ज्याचे आधी उतू जाईल तो जिंकला.