रिटर्नमधला डिपेंडंट आणि फाफ्सातला डिपेंडंट

फाफ्सा, म्हणजे अमेरिकेत कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत (एड) मागायचा अर्ज, भरायचे दिवस आले की न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत मराठी मंडळांत तोच सल्ला फिरू लागतो: 'पोराला यंदा टॅक्स रिटर्नमधून काढून टाका, म्हणजे तो इंडिपेंडंट होईल, तुमचं उत्पन्न धरणार नाहीत आणि एड भरपूर मिळेल.' साफ चूक, आणि महागात पडणारी.

रिटर्नवर मूल तुमचं डिपेंडंट, म्हणजे तुमच्यावर अवलंबून, कधी धरतात हे बहुतेकांना पाठ आहे. मूल वर्षअखेरीस १९ च्या आत, फुलटाइम विद्यार्थी असेल तर २४ च्या आत. अर्ध्याहून जास्त वर्ष तुमच्याकडे (कॉलेजच्या डॉर्ममधले दिवस घरचेच धरतात). आणि निम्म्याहून जास्त खर्च त्याने स्वतः उचललेला नसावा. म्हणजे आयआरएस (अमेरिकेचं आयकर खातं) विचारते, वर्षभर मूल कुणाकडे राहिलं आणि खर्च कुणी केला.

फाफ्सा हे विचारतच नाही. त्याची ठरलेली यादी आहे. २०२६-२७ साठी जन्म १ जानेवारी २००३ च्या आधीचा, किंवा लग्न झालेलं, किंवा मास्टर्स-पीएचडीला, किंवा सैन्यात असलेला वा राहिलेला, किंवा मूल पदरी असून त्याचा निम्म्याहून जास्त खर्च करणारा. शिवाय अनाथ, फोस्टर केअरमधली (सरकारने दुसऱ्या कुटुंबात ठेवलेली), कोर्टाने पालक नेमलेली किंवा स्वतंत्र ठरवलेली, बेघर अशी मुलं. यातलं एकही लागू नसेल तर डिपेंडंट. वेगळी अपार्टमेंट, स्वतःचा पगार, स्वतःचं रिटर्न, कशालाही किंमत नाही. 'आम्ही एक डॉलर देणार नाही' असं आईवडिलांनी लिहून दिलं तरी नाही. छळ झाला, आईवडिलांनी टाकून दिलं अशा प्रकरणांत कॉलेजचं एड ऑफिस अपवाद करू शकतं. रुसवेफुगवे त्यात बसत नाहीत.

म्हणून वीस वर्षांचा मुलगा नोकरी करून स्वतःचा सगळा खर्च भागवत असेल, तर रिटर्नवर तो तुमचा डिपेंडंट नाही, पण फाफ्सात आहे. तुमचं उत्पन्न भरावंच लागतं. उलट २३ वर्षांची मुलगी फुलटाइम मास्टर्स करतेय आणि घरखर्च तुम्ही देताय: फाफ्सात ती इंडिपेंडंट, रिटर्नवर खुशाल तुमची. (लगेच हुरळू नका, पेल ग्रँट, म्हणजे परत न फेडायची सरकारी मदत, पहिल्या पदवीपुरतीच असते.)

मुलाला नुसतं रिटर्नमधून वगळलं तर एड वाढत नाही, तुमच्या करातून मिळणारं ५०० डॉलरचं क्रेडिट (सूट) मात्र हातचं जातं. वर 'मला कुणी डिपेंडंट म्हणून दाखवू शकतं' ही खूण मुलाला त्याच्या रिटर्नवर करावीच लागते, कारण प्रश्न 'दाखवता येईल का' असा असतो, 'दाखवलंय का' असा नसतो.

एच-४ चा (एच-१बी वर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाच्या व्हिसाचा) 'डिपेंडंट' हे तिसरंच प्रकरण. तो व्हिसाचा मामला, मुलांसाठी २१ व्या वर्षी संपतो. शिवाय एच-४ वरच्या मुलांना फेडरल एड मिळतच नाही.

घटस्फोट झाला असेल तर अजून काळजी घ्या. रिटर्नसाठी मूल कुणाकडे जास्त रात्री राहिलं ते पाहतात, आणि तो पालक फॉर्म ८३३२ वर सही करून हक्क दुसऱ्याला देऊ शकतो. फाफ्सा भरायचा मात्र गेल्या बारा महिन्यांत ज्याने जास्त खर्च केला त्याने. तिथे ८३३२ दाखवून काही होत नाही.