'शंभर वर्षांतला पूर': हा आकडा आला कुठून?

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "पाणी किती फुटावर?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. असला पूर शंभर वर्षांतून एकदाच, असं म्हणून सुस्कारा टाकावा, तोवर 2021 च्या जुलैत महापूर पुन्हा दारात. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीच्या माणसाला मग हा 'शंभर'चा हिशेब थट्टाच वाटणार.

त्याची सुरुवात अमेरिकेत झाली. 1914 मध्ये वेस्टन फुलर या अभियंत्याने तिथल्या नद्यांच्या नोंदी मांडून, किती वर्षांत केवढा पूर येऊ शकतो याचं सूत्र बसवलं. त्यामागचा गणिती पाया मात्र कापडधंद्याशी नातं सांगतो, इचलकरंजीकरांनी ऐकावा असा. मँचेस्टरच्या कापूस संशोधन संस्थेत टिपेट नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते. सूत तुटतं ते सगळ्यात कच्च्या जागी. सरासरी ताकद तिथे कामाची नाही. 1928 मध्ये त्यांनी आणि संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी टोकाच्या, म्हणजे सगळ्यात लहान नि सगळ्यात मोठ्या आकड्यांचं गणित मांडलं. जर्मन गणितज्ञ एमिल गुंबेल यांनी 1941 मध्ये तेच गणित नद्यांच्या पुरांना लावलं. हे गुंबेल मोठे खमके. 1922 मध्ये त्यांनी जर्मनीतल्या राजकीय खुनांची मोजदाद छापली होती: उजव्यांनी केलेले 354, डाव्यांनी केलेले 22. पुढे हायडेलबर्गची नोकरी गेली, देशही सुटला.

त्यांच्या गणितात 'शंभर वर्षांतला' याचा अर्थ एवढाच, की तेवढा पूर येण्याची शक्यता दरवर्षी 1 टक्का. आज येऊन गेला म्हणून पुढची नव्व्याण्णव वर्षं सुट्टी नाही. 30 वर्षांत तो निदान एकदा गाठण्याची शक्यता 26 टक्के निघते. नदीकाठी घर घेणाऱ्याच्या कर्जाचे हप्तेही साधारण तेवढीच वर्षं चालतात! शिवाय हा 1 टक्का जुन्या नोंदींवरून काढलेला. पाऊस, पात्र, काठावरचे भराव पूर्वीसारखेच आहेत, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. माझ्या मते खरी शंका घ्यायची ती इथेच.

आपल्याकडे अशी शंका संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी घेतली होती. 1926 मध्ये ओडिशात ब्राह्मणी नदीला पूर आला. पात्र उथळ झालंय, बांध उंच करा, असं अभियंत्यांचं म्हणणं. महालनोबिस यांनी अनेक वर्षांच्या पावसाच्या आणि पातळीच्या नोंदी तपासल्या. पात्र वर आल्याचं त्यात दिसेना. त्यांनी वरच्या अंगाला धरणं सुचवली.

"पात्र गाळाने भरलंय" हे आपल्याकडेही दरवर्षी ऐकू येतं. म्हणणाऱ्याकडे पात्राचे जुने आडवे छेद असतील तर ते आजच्या मापांशेजारी मांडता येतील. कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणामुळे इकडे पूर येतो, या म्हणण्याचंही तसंच. तिथली पूर्ण पातळी 519.60 मीटर, ती 524.256 वर न्यायचा कर्नाटकचा प्रस्ताव, हे आकडे सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण धरणात अडलेल्या पाण्याचा फुगवटा मागे कुठवर येतो हे ठरवायला अलमट्टी, कृष्णेवरचा राजापूर बंधारा आणि राजाराम बंधारा या तिन्ही ठिकाणची एकाच तासाची पातळी, एकाच मापात, शेजारी शेजारी लागते.