हेटरोटॅक्सी : डाव्या-उजव्याचा घोळ असलेल्या हृदयदोषांचं वर्गीकरण

छाती-पोटातल्या अवयवांची डावी-उजवी मांडणी जन्मापासूनच बिघडलेली असते आणि बहुतेक वेळा हृदयातही दोष असतो, त्याला हेटरोटॅक्सी म्हणतात. प्रमाण साधारण १०,००० जन्मांत १ धरतात. नेहमीची मांडणी सायटस सॉलिटस, आरशातल्यासारखी पूर्ण उलटी सायटस इन्व्हर्सस आणि धड ही नाही धड ती नाही अशी हेटरोटॅक्सी. पूर्ण उलट्या मांडणीत हृदय बऱ्याचदा ठणठणीत असतं, म्हातारपणी कुठल्यातरी एक्स-रेत ते कळतं आणि टेक्निशियनला आधी वाटतं की एल मार्कर (फिल्मवरची डाव्या बाजूची खूण) आपणच चुकीच्या बाजूला लावला.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं लोक सरळ "काळीज उजवीकडं हाय" म्हणतात. कन्नडात डावं म्हणजे येड न् उजवं म्हणजे बल, त्यामुळे दवाखान्यात दोन्ही भाषा मिसळतात. आता काळीज म्हणजे बोलण्यात हृदय पण खाटकाकडची कलेजी म्हणजे यकृत, आणि हेटरोटॅक्सीत यकृतही बऱ्याचदा पोटात मधोमध आडवं पसरलेलं असतं, म्हणजे शब्द कसाही घेतला तरी बरोबरच!

उजव्या बाजूचं हृदय पहिल्यांदा कोणी नोंदवलं यावर एकमत नाही. कोणी इटालियन शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियसचं नाव घेतात (१६०६ च्या सुमारास), जास्त ठिकाणी इटालियन शल्यविशारद मार्को सेव्हेरिनो, १६४३ असं सापडतं. सगळेच अवयव उलटे असल्याचं नीट वर्णन मात्र स्कॉटिश डॉक्टर मॅथ्यू बेलीचं, १७८८ च्या आसपासचं, आणि वर्गीकरणाच्या दृष्टीनं तेच जास्त कामाचं वाटतं.

खरा वाद पुढचा आहे, हेटरोटॅक्सीचे प्रकार पाडताना कुठल्या अवयवावर भरवसा ठेवायचा? १९५५ मध्ये स्वीडिश डॉक्टर आयव्हमार्कनं प्लीहा (जंतूंशी लढायला मदत करणारा पोटातला अवयव) नसणं आणि हृदयदोष यांची सांगड घातली, नंतर एका प्लीहेऐवजी अनेक छोट्या प्लीहा असलेला गट वेगळा निघाला आणि अस्प्लेनिया (प्लीहा नाही)-पॉलिस्प्लेनिया (अनेक प्लीहा) अशी जोडी रूढ झाली. अडचण अशी की प्लीहा आणि हृदय दर वेळी जुळत नाहीत. म्हणून हृदयरचनेचे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट अँडरसन वगैरे मंडळी कर्णिकांच्या (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या) कानासारख्या टोकांकडं, म्हणजे अपेंडेजकडं बघतात. उजवं अपेंडेज रुंद तोंडाचं, तिकोनी, त्यातल्या कंगव्याच्या दातांसारख्या स्नायूपट्ट्या झडपेभोवती पार मागपर्यंत जातात. डावं निमुळतं बोटासारखं आणि पट्ट्या त्याच्यातच थांबतात. दोन्हीकडं उजवं असेल तर राइट आयसोमेरिझम (दोन्ही बाजू सारख्या असणं), दोन्हीकडं डावं असेल तर लेफ्ट. हृदयदोषांचे अमेरिकेतले अभ्यासक व्हॅन प्राग यांचा याला विरोध, १९९० मध्ये त्यांनी कर्णिका आयसोमेरिझम ही कल्पनाच चुकीची ठरवली. पण व्हॅन प्राग कर्णिका आख्खी धरतात आणि अँडरसन फक्त अपेंडेज, तेव्हा निम्मा वाद शब्दांचाच आहे. अपेंडेजची पद्धत जास्त टिकाऊ दिसते.

राइटमध्ये दोन्ही फुफ्फुसं तीन खंडांची, प्लीहा बहुधा नसते आणि हृदयदोष सहसा गंभीर. लेफ्टमध्ये फुफ्फुसं दोन-दोन खंडांची, खालची महाशिरा यकृताजवळ तुटलेली असू शकते आणि रक्त मणक्याजवळच्या अझायगस शिरेतून वर जातं, हार्ट ब्लॉकही (ठोक्यांचा विद्युत संदेश अडणं) होतो. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) अपेंडेज नीट दिसत नाही म्हणून डायफ्रामपाशी (छाती-पोटामधल्या पडद्यापाशी) महाधमनी आणि खालची महाशिरा मणक्याच्या कुठल्या बाजूला आहेत ते आधी बघतात, दोन्ही एकाच बाजूला असतील तर राइटचा संशय.

हेटरोटॅक्सीचं कारण गर्भातल्या सूक्ष्म सिलियांच्या (पेशींवरच्या केसांसारख्या तंतूंच्या) हालचालीशी जोडतात, झिक३ सारखी जनुकंही सापडलीत. सिलियांचे आजार बहुतेक रिसेसिव्ह, म्हणजे आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होणारे, आणि मामाच्या मुलीशी लग्न इकडं नवीन नाही, त्यामुळे डॉक्टर नात्यातलं लग्न आहे का ते विचारतातच.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीम अंगणवाडीत येतात, तपासणीत जन्मजात हृदयदोषही आहेत. बाळाचे ठोके उजवीकडं मोठे लागले तर पुढं इको. प्लीहा नसेल तर न्यूमोकोकलची लस आणि पेनिसिलिन, आणि ताप आला की पॅरासिटामॉल देऊन रात्र काढायची नाही, त्याच रात्री दवाखाना.