बोट फिरतंय, बाण ढिम्म

लॅपटॉप चालू आहे, कीबोर्ड चालतोय, पण टचपॅडवर कितीही बोट घासलं तरी पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही. अशा वेळी आपण आधी रीस्टार्ट करतो. कधीकधी तेवढ्यानं भागतंही. पण लिनक्स वापरत असाल तर पाच मिनिटं थांबा. बोटाचा निरोप बाणापर्यंत पोचताना कुठे अडकला, ते इथे टप्प्याटप्प्यानं पाहता येतं.

निरोप निघतो तो विजेच्या रूपात. टचपॅडच्या गुळगुळीत पृष्ठभागाखाली बारीक वाहक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी असते. दोन पट्ट्या जिथे एकमेकींवरून जातात तिथे थोडासा विद्युतभार साठतो. आपलं शरीर विजेचं वाहक असल्यामुळे बोट जवळ आलं की ही साठवण किंचित बदलते. किती किंचित? विद्युतभार साठवण्याची क्षमता फॅरडमध्ये मोजतात. एका फॅरडचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोफॅरड, आणि बोटामुळे होणारा बदल सहसा त्याहूनही कमी असतो. टचपॅडमधली चिप सेकंदाला शंभरेक वेळा सगळी जाळी चाचपते आणि त्यावरून बोटाची जागा काढते. जाड लोकरी हातमोजा घातला की टचपॅड आंधळा होतो आणि पाण्याच्या थेंबानं तो भांबावतो, याचं कारण हेच.

इतकी नाजूक मोजणी बिघडायला फार काही लागत नाही. बाण थरथरतोय, उड्या मारतोय आणि चार्जर काढताच शहाण्यासारखा वागतोय, असं असेल तर सॉफ्टवेअरला हातही लावू नका. चार्जर आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करत असतो. त्या खटाटोपातली थोडी लुडबूड लॅपटॉपच्या सर्किटमध्ये झिरपते. चार्जरला अर्थिंग नसेल तर सर्किट ज्याला शून्य व्होल्ट मानतं ती पातळीच तुमच्या शरीराच्या तुलनेत वरखाली डुलते आणि चिपला ते बोटाचं हलणं वाटतं. दुसरा, अर्थिंग असलेला चार्जर लावून पाहिलं की खरं-खोटं कळतं. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, क्लिक दबत नसेल, तर खालची बॅटरी फुगल्याची शक्यता आहे. तिथे प्रयोग थांबवा, चार्जिंग बंद करा. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

चिपकडून निरोप पुढे जातो तो दोनपैकी एका वाटेनं. जुनी वाट पीएस-टू, आयबीएमनं १९८७मध्ये आणलेली, मुळात माउस आणि कीबोर्डसाठी. नवी वाट आय-टू-सी. ही फिलिप्सनं १९८२मध्ये यंत्राच्या आतल्या चिपांनी एकमेकींशी बोलावं म्हणून काढली. म्हणजे ‘नवी’ वाट वयानं मोठी! जुन्या वाटेवरचा टचपॅड आधी साधा माउस असल्याचं सोंग घेतो. ड्रायव्हरनं, म्हणजे टचपॅडशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरनं, योग्य खूण केली तरच तो खरं रूप दाखवतो. ती खूण चुकली तर बाण नीट फिरतो, पण दोन बोटांनी पान सरकवणं गायब होतं.

आता तपास. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून डीमेसेज (dmesg) ही आज्ञा दिली की कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, रोजनिशी समोर येते. तीत टचपॅडचं नावच नसेल तर कर्नलला तो दिसलेलाच नाही. एफएन बटणाबरोबर चुकून दाबलेली कळ, बायोसमधली (लॅपटॉप सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्राममधली) सेटिंग किंवा नव्या चिपची ओळख नसलेलं जुनं कर्नल, हे इथले नेहमीचे संशयित. लिनक्सच्या एखाद्या नव्या वितरणाचा (आवृत्तीचा) लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे काही इन्स्टॉल न करता थेट चालणारा, लावून पाहिलं की शेवटच्या संशयिताचा निकाल लगेच लागतो.

नाव दिसतंय, पण बाण मेलेला? मग टचपॅडच्या खुणांचा अर्थ लावणाऱ्या लिबइनपुट या सॉफ्टवेअरची डीबग-इव्हेंट्स (libinput debug-events) ही सोय चालू करून बोट फिरवा. ओळींमागून ओळी आल्या तर बिचारा टचपॅड आपलं काम करतोय, अडवणूक डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये आहे. एकही ओळ आली नाही तर ड्रायव्हरकडे वळायचं. विशेषतः झोपवलेला लॅपटॉप उठल्यावर असं झालं असेल तर मॉडप्रोब (modprobe) या आज्ञेनं ड्रायव्हरचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडलेला त्याचा तुकडा, काढून पुन्हा बसवलं की टचपॅड अनेकदा ताळ्यावर येतो. जुन्या वाटेसाठी ते मॉड्यूल पीएसमाउस (psmouse).

काही तक्रारी तर बिघाडाच्या नसतातच. लिबइनपुट बहुतेक टचपॅडवर टिचकीनं क्लिक होण्याची सोय मुद्दाम बंद ठेवतं, कारण चुकून लागलेला अंगठाही टिचकीच वाटतो. तशीच दुसरी खबरदारी म्हणजे टाइप करताना तळव्याचा स्पर्श दुर्लक्षित करणं. लिहिणाऱ्याला ती वरदान वाटते. पण खेळात पात्राला पुढे पळवण्यासाठी एक की दाबून धरणारा शपथेवर सांगतो की टचपॅड अधूनमधून मरतो. ‘टाइप करताना टचपॅड बंद’ ही सेटिंग काढली की त्याचा टचपॅड पुन्हा जिवंत होतो.